काळ्यावर काळा दोरा

पडदा वर जातो. समोर कॉलेजच्या पाच मजली इमारतीची गच्ची. मधोमध एक लोखंडी चौकट आणि तिच्यात खोलीएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची फुगलेली पिशवी. पडद्याची दोरी हातात धरून उभी आहे बासष्ट वर्षांची बाई. तिला सगळे मावशी म्हणतात.

आमच्या नाटक कंपनीत तीस वर्षं तिनंच पडदे शिवले. कंपनी बंद पडली तेव्हा रंगमंचाचा जाड काळा पडदा या कॉलेजनं घेतला आणि पडद्याबरोबर मावशीही इथं आली. पिशवीच्या कडा तापलेल्या पट्टीनं जोडायच्या, त्यावर झाकायला पडदा शिवायचा आणि तो ओढायचा, हे तिचं काम. त्यासाठी रोज पाच जिने चढायचे. "गुडघे मला विचारतात, अजून किती अंक बाकी आहेत?" ती म्हणायची.

पिशवीत गाळलेली स्वच्छ हवा भरतात. मग मोटारीच्या धुरात असतात तसले वायू आणि रंगाच्या थिनरची वाफ थोडी सोडतात. धूळ नाही, काजळी नाही. पडदा उघडला की ऊन आत शिरतं आणि बारा वाजेपर्यंत पिशवीपलीकडची पाण्याची टाकी पुसट दिसायला लागते. उन्हात ते वायू बदलतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण होतात. शहरावर दुपारी दाटतं ते धुरकं बरंचसं असंच बनतं, असं हा प्रयोग करणाऱ्या सरांनी मला समजावलं. मावशीनं ते एका वाक्यात सांगितलं, "चूल कुठं दिसत नाही, पण शिजतंय."

पडदा बंद असला की मात्र काही शिजायला नको. अंधारात कण जवळजवळ शून्य यायला हवेत. त्या आठवड्यात तीन दिवस पडदा बंद होता तरी मोजणारं यंत्र रोज दुपारी कण दाखवत होतं, रात्री नाही.

सर म्हणाले, "मावशी, पिशवीचा जोड गळतोय. बाहेरची धूळ आत येतेय. आता तयार पिशवी बाहेरून मागवतो."

म्हणजे तिचं काम संपलं. त्या दिवशी मी तिला भेटायला गेले होते. आम्ही टाकीच्या सावलीत बसलो. तिनं डबा उघडला आणि तसाच बंद केला.

"माझा जोड गळत नाही, बाई," ती म्हणाली. "गळत असता तर रात्रीही कण आले असते. हे दुपारीच कसे येतात?"

मग ती उठली आणि पडद्याखाली शिरली. पूर्वी कंपनीत नवा पडदा झाला की ती तशीच आत बसायची आणि कुठून उजेड येतो ते बघायला बाहेरून दिवे लावायला सांगायची. इथं दिवे लावायची गरज नव्हती, ऊन डोक्यावर होतं. बऱ्याच वेळानं तिनं मला आत बोलावलं. काळोखात हातभर लांबीची उजेडाची रेघ होती, मणी ओवल्यासारखी. गेल्या महिन्यात तिनं नव्यानं घातलेली शिवण. टाके इतके विरळ की प्रत्येक दोन टाक्यांमधून ऊन आत येत होतं.

"बोटांनी अंदाज घेत शिवलं," ती म्हणाली. "सून म्हणत होती, डोळे दाखवा. मी म्हटलं, आहेत की जागेवर."

मी हळूच म्हटलं, "आत्ताच शिवून टाक. कुणाला कळणार आहे?"

"शिवायला दिसलं असतं तर हे झालंच नसतं, बाई."

तिनं सरांना बोलावलं. ते गुडघ्यांवर रांगत आत आले, त्यांनी रेघ पाहिली. मग काळी चिकटपट्टी आणून त्यांनी ती शिवण झाकली.

दुसऱ्या दिवशी तीच पिशवी, तेच वायू, पडदा बंद. मीही गेले होते. यंत्राचा आकडा दुपारी तीनपर्यंत जिथल्या तिथं राहिला. मावशी भिंतीला टेकून बसली होती. तिला आनंद झाला की नाही, तेही कळत नव्हतं. फार दमलेली दिसत होती.

सर तिच्यासमोर उकिडवे बसले. "पिशवी बाहेरून मागवत नाही. तुमचा जोड चांगला आहे, चूक माझी झाली. पण ही चिकटपट्टी उन्हात टिकायची नाही. पडदा परत शिवाल का?"

मावशीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"शिवते, सर. पण दोरा पांढरा आणा, आणि सुईत तेवढा तुम्ही ओवून द्या. काळ्यावर काळं मला आता दिसत नाही."