हाफ पँटवाली पलटण

आमच्या कारखान्यात खेळण्यांपेक्षा किस्से जास्त तयार व्हायचे. खेळण्याला निदान प्लास्टिकचा दाणा लागतो, वीज लागते. किश्श्याला आमचे भरतशेठ पुरेसे होते. २०१४ ते २०१९ मी तिथे डिस्पॅच क्लार्क होतो. राहायला आगरला, नोकरी तलासरीला, म्हणजे रोज तासभर जीपमध्ये कोंबून घ्यायचं. त्या तासात शेजारच्याला कालचा किस्सा ऐकवायचा आणि आजच्या किश्श्यासाठी कामावर हजर व्हायचं. ऐकणारे म्हणायचे, एवढं सगळं लक्षात कसं ठेवतोस? ठेवत नाही हो. चिकटतं.

आधी कारखाना सांगतो. हायवेपासून थोडं आत पत्र्याची शेड. दोन ऑटोमॅटिक मशीनवर शिट्ट्या, भोवरे आणि बाहुल्यांचे हातपाय निघायचे. कोपऱ्यात एक जुनं, हातानं चालवायचं मशीन. वरून प्लास्टिकचा दाणा टाकायचा, तो वितळला की हँडल खाली ओढायचं, की खालच्या लोखंडी साच्यात प्लास्टिक भरतं. त्या साच्याला आम्ही डाय म्हणतो. शेठच्या वडिलांनी ती डाय मुंबईत एका बंद पडलेल्या कारखान्यातून उचलली होती. एका वेळी चार सैनिक निघायचे, चारही हाफ पँटमध्ये. ती डाय दुसऱ्या कुठल्याच मशीनला बसत नव्हती, आणि ते मशीन दामूकाकांशिवाय कुणी चालवत नव्हतं.

दर दिवाळीला शेठ जाहीर करायचे, "सैनिक बंद. मशीन भंगारात." मशीन गेलं की दामूकाका जाणार, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. काकांच्या शेतातलं भात होळीपर्यंत पुरायचं, होळीनंतर घर त्या हँडलवर चालायचं. साठीला टेकलेल्या माणसाला तलासरीत दुसरं कोण कामाला ठेवणार? दिवाळी जवळ आली की मी शेठच्या समोर जायचं टाळायचो, आणि मशीन तर माझं नव्हतं.

*

शेठ म्हणायचे ते अगदीच खोटं नव्हतं. सैनिक खरंच कुणी घेत नव्हतं. एका वर्षी त्यांनी महालक्ष्मीच्या जत्रेत स्टॉल लावला आणि त्यावर मला बसवलं. शिट्ट्या दुपारपर्यंत संपल्या. सैनिकांची टोपली होती तशीच.

संध्याकाळी एका लहान मुलीनं एक सैनिक उचलला. माझ्या जीवात जरा जीव आला. तिनं त्याला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, हाफ पँटवरून बोट फिरवलं आणि आईला विचारलं, "आई, याची शाळा कुठली?"

मी टोपली झाकून टाकली.

*

पुढच्या वर्षी इंग्लंडहून ईमेल आली. लिहिणारे डेनिस नावाचे निवृत्त मास्तर. आमच्या सैनिकांचं एक पाकीट कुठून तरी फिरत फिरत त्यांच्या हाती लागलं होतं. त्यांचा प्रश्न एकच: हे सैनिक कोणत्या थिएटरचे?

मी ईमेल शेठना वाचून दाखवली. शेठ भडकले. म्हणाले, "थिएटर? त्याला लिही, हा आपला स्वतःचा माल आहे. कुठल्या थिएटरातून उचललेला नाही."

मी तसंच इंग्रजीत लिहून पाठवलं.

डेनिससाहेबांचं उत्तर दोन पानांचं आलं. युद्धात थिएटर म्हणजे आघाडी. दुसऱ्या महायुद्धातल्या बर्फाच्या, रणगाड्यांच्या, लांब कोटांच्या आघाड्यांचे सैनिक गल्लोगल्ली मिळतात. पण ते आणि त्यांचे अकरा मित्र मुद्दाम अशा आघाड्यांचे सैनिक जमवतात, ज्यांचं नाव कुणी काढत नाही. पूर्व आफ्रिका, मादागास्कर, सीरिया. हे सगळे गरम देश, म्हणून सैनिक हाफ पँटमध्ये. असे सैनिक कुणी बनवतच नाही. तुम्ही किती देऊ शकाल?

शेठनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "म्हणजे आपल्या मालाला कोणी विचारत नाही, म्हणून हा विचारतोय?"

"हो."

"मग लिही, असा माल आपल्याकडे पुष्कळ आहे."

ऑर्डर लहान असायच्या, पण येत राहिल्या. प्रत्येक ऑर्डर आली की दामूकाका माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचे, किती दिवसांचं काम आहे? मी आकडा जरा वाढवूनच सांगायचो.

*

पॅकिंगला जयवंतीबाई होत्या. त्यांनी चारही सैनिकांना नावं ठेवली होती. बंदुकीचा नेम धरलेला तो नेमवाला. कपाळावर हात धरून लांब बघणारा तो वाट चुकलेला. गुडघ्यावर बसलेला तो बसका. आणि एक जण कमरेत वाकून पोटाशी पिशवी धरून होता, बिनबंदुकीचा. तो पोटदुख्या.

पहिल्या पार्सलबरोबर यादी द्यायची होती. कारखान्यात सगळे याच नावांनी बोलायचे, म्हणून मीही तीच नावं इंग्रजी अक्षरांत लिहून टाकली. डेनिससाहेबांनी नम्रपणे विचारलं, पोटदुख्या ही कुठली रेजिमेंट? मी कळवलं की हे पॅकिंग विभागानं ठरवलेलं नाव आहे. ते खरंच होतं.

महिन्याभरानं बेल्जियमहून एका अनोळखी माणसाची ईमेल आली. त्याला चाळीस पोटदुख्या हवे होते, आणि ते बाकीच्यांपासून वेगळे पॅक करावेत अशी विनंती होती. जयवंतीबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. साथ असली तर लागेल बाकीच्यांना."

*

रंग हा दामूकाकांचा प्रांत. रंगाची पूड ते मुठीनं टाकायचे, आणि काकांची मूठ रोज एकाच मापाची नसायची. एक खेप फिकट निघाली की डेनिससाहेब लिहायचे, सीरिया अप्रतिम. लालसर निघाली की मादागास्कर. आम्ही काही न करता दर महिन्याला एकेक देश पाठवत होतो.

फक्त बर्मा जमत नव्हता. डेनिससाहेब दोन वर्षं बर्मा मागत होते. जंगलातला, पावसातला, काळपट हिरवा. काकांनी हिरवी पूड टाकून पाहिली, तर डेनिससाहेबांनी कळवलं की हे पोपटासारखे दिसतात.

मग एक दिवस काका हिरवी पूड टाकून, हीटर चालू ठेवून चहाला गेले. टपरीवर गावचा कुणी भेटला, पहिल्या चहावर दुसरा झाला. परत येऊन हँडल ओढलं तर दाणा करपलेला, सैनिक काळपट हिरवे. शेठ ओरडले, दळून टाका. पण तोवर जयवंतीबाईंनी ते पाकिटात भरले होते आणि मी पाकिटं पाठवली होती.

उत्तर आलं, "अखेर बर्मा!" डेनिससाहेबांनी आयुष्यात आम्हाला लिहिताना वापरलेलं ते एकमेव उद्गारचिन्ह.

शेठ स्वतः काकांच्या मशीनपाशी गेले आणि बर्मा कसा केला ते विचारलं. काकांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "सीरिया पाहिजे तर एक चहा. बर्मा पाहिजे तर दोन."

त्यानंतर बर्म्याच्या ऑर्डरला चहाचे पैसे शेठ द्यायचे.

*

पार्सल मीच कुरिअरवाल्याकडे न्यायचो. एकदा तिथे काउंटरवर नवा माणूस होता, नियमानं वागणारा. मी फॉर्मवर लिहिलं होतं, सैनिक, शहाण्णव. त्यानं विचारलं, यात हत्यार वगैरे काही आहे का?

आता मला खोटं बोलायची सवय नाही. मी म्हणालो, "बहात्तर बंदुका आहेत. बाकीच्या चोवीस जणांचं पोट दुखतंय."

त्या दिवशी मला घरी पोचायला साडेनऊ झाले.

*

जुलैत काका पंधरा दिवस रजा घ्यायचे. भाताची आवणी. रोपं उपटून चिखलात लावायची, त्यात घरातला कुणीच सुटत नाही. तेवढे दिवस मशीन बंदच राहायचं. दुसऱ्या कुणाला त्या हँडलपाशी बसवायचं शेठच्याही मनात यायचं नाही. एका वर्षी मी डेनिससाहेबांना कळवलं, ऑपरेटर आवणीसाठी घरी गेले आहेत, माल उशिरा येईल.

त्यांचं फार प्रेमळ उत्तर आलं. घाई नाही, आवणी आणि तिची आई दोघी ठीक आहेत ना?

खुलासा करायचा मला कंटाळा आला. ऑगस्टात डेनिससाहेबांच्या बायकोनं विणलेली तान्ह्या बाळाची लोकरीची टोपी आली. तलासरीत, ऑगस्टात, लोकर. काकांच्या घरात ती कुणालाच होईना. शेवटी शेळीच्या करडाला बसली.

*

आता शेवटचा. २०१९ चा जानेवारी. शेठनी तिसरं ऑटोमॅटिक मशीन बुक केलं होतं, आणि त्याला जागा हवी होती ती नेमकी काकांच्या कोपऱ्याची. या वेळी त्यांनी दिवाळीसारखं नुसतं जाहीर केलं नाही. मला न सांगता पुतण्याकडून डेनिससाहेबांना ईमेल करवली, डाय विकायची आहे. बारा मित्रांनी मिळून ती घ्यायचं ठरवलं, आणि ती न्यायला डेनिससाहेब स्वतः यायला निघाले.

आदल्या दिवशी शेठनी मला कागद टाईप करायला सांगितला. "मी दामू अमुक अमुक, राजीखुशीने काम सोडत आहे." सरळ दोन ओळी. त्या मी तीनदा चुकलो. चौथ्यांदा बरोबर आल्या तेव्हा मला माझीच लाज वाटली. डेनिससाहेब गेले की काकांनी त्यावर अंगठा द्यायचा, असं ठरलं. काका म्हणाले, बरं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "डाय तिकडं नीट ठेवतील ना? तिला गंज लवकर धरतो."

मी म्हणालो, तेल लावायला सांगतो.

डेनिससाहेब आले. उंच, म्हातारे, हाफ पँटमध्ये. जयवंतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा कुठल्या आघाडीचा?" मी त्याचं भाषांतर केलं नाही.

डाय किती चांगली आहे हे दाखवायला शेठ स्वतः मशीनवर बसले. हँडल ओढलं, डाय उघडली, स्क्रू ड्रायव्हरनं सैनिक पायाकडून उचकटून काढले आणि एक नेमवाला डेनिससाहेबांच्या हातावर ठेवला. डेनिससाहेबांनी खिशातून भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं. मग सैनिक टेबलावर ठेवून मला हळूच म्हणाले, ही नक्कल आहे.

मी शेठना सांगितलं.

"नक्कल? अरे भाय, त्याच्या डोळ्यासमोर काढला ना!"

शेठनी दुसऱ्यांदा काढले. नक्कल. तिसऱ्यांदा काढले. नक्कल. शेठच्या शर्टाची पाठ भिजली. डेनिससाहेबांनी आपल्या बॅगेतून कापसात ठेवलेले आमचेच जुने सैनिक काढून ओळीनं मांडले. तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं. सगळ्यांच्या माना किंचित डावीकडे वळलेल्या होत्या. शेठनी काढलेले सरळ समोर बघत होते. डेनिससाहेब म्हणाले, हे डावीकडे काय बघतात यावर आम्ही चार वर्षं वाद घालतोय. कुणी म्हणतं विमान, कुणी म्हणतं अधिकारी. मी स्वतः त्यावर आठ पानी लेख लिहिलाय. तेव्हा कृपा करून मला खरी डाय दाखवा.

शेठनी दामूकाकांना हाक मारली. काका आपला पंचा आणि पाण्याची बाटली पिशवीत भरत होते. तसेच आले, बसले, उजव्या हातानं हँडल ओढलं, डाय उघडली, आणि डाव्या हातानं चार गरम सैनिक मानेला अंगठा लावून टपाटप उपटून काढले. चौघांच्याही माना वळलेल्या.

डेनिससाहेब मला म्हणाले, त्यांना विचारा, हे काय बघतायत.

मी विचारलं. काकांनी ट्रेकडे पाहिलं. तीस वर्षांत हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाले, "काय नाय बघत. उजवा हात हँडलवर असतो, म्हणून डाव्यानं काढतो. गरम असतात, मान वळते."

मी इंग्रजीत सांगितलं. डेनिससाहेबांनी भिंग खिशात ठेवलं. मग वही काढून ते लिहून घेतलं. काकांना पुन्हा एकदा काढायला लावलं, आणि पुन्हा एकदा. मग म्हणाले, नुसती डाय नेऊन मी काय करू? मला डाय नको. हे गृहस्थ इथे आहेत तोवर आम्ही दर महिन्याला माल घेऊ. मग जेवले आणि गेले.

हे सगळं इंग्रजीत झालं होतं, आणि मी ते शेठच्या कानात सांगितलं होतं. काकांना काहीच कळलं नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की साहेब गेले की अंगठा द्यायचा. ते पिशवी खांद्याला लावून ऑफिसात आले, कागदासमोर उभे राहिले, स्टॅम्पपॅडचं झाकण उघडलं आणि डावा हात पुढे केला.

"थांब!" शेठ खुर्चीतून उठलेच. "तो अंगठा शाईत घालू नकोस."

काका थांबले. शेठनी कागद उचलून चुरगळला आणि खिशात घातला. काकांनी आधी शेठकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग पगाराच्या रजिस्टरला?"

मी म्हणालो, "शेठ, तिथंही पुरुषांचा डावाच लागतो."

शेठ त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग स्टॅम्पपॅडचं झाकण लावत मला म्हणाले, "मग याला सही शिकव."