पडजिभेची तालीम

“मॅडम, एक इंजेक्शन ठोका आणि पोरगीला मोकळी करा. परीक्षा तीन आठवड्यांवर आलीया.”

हे वाक्य माझ्या शाहूपुरीतल्या क्लिनिकमध्ये इतक्या मोठ्याने म्हटलं गेलं की खालच्या पंपाच्या दुकानाचे मालक जिन्यापर्यंत येऊन वर बघून गेले. बोलणारे गृहस्थ साठीच्या आसपासचे, कान मोडलेले, मान आणि डोकं एकाच जाडीचं. बिद्रीकडच्या एका गावातले वस्ताद, म्हणजे तालमीत पोरांना कुस्ती शिकवणारे. गाव त्यांना आण्णा म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणू लागले. शेजारी त्यांची मुलगी रेश्मा बसली होती. पंचविशीची, पेशाने नर्स. तिने तोंड उघडलं, ओठ हलले आणि नुसती हवा बाहेर आली.

“मी इंजेक्शन देत नाही,” मी म्हटलं. “मी स्पीच थेरपिस्ट आहे.”

“मग काय देताय?”

“व्यायाम.”

व्यायाम म्हटल्यावर आण्णांचा चेहरा असा खुलला की मला जरा धास्तीच वाटली.

रेश्मा पुन्हा काही सांगायला गेली, कुजबुजत. मी तिला थांबवलं. आवाज बसल्यावर कुजबुजलं की घशाला आराम मिळतो, असं बहुतेकांना वाटतं. उलट बऱ्याचदा कुजबुजताना घसा आणखी आवळला जातो. तिला मी मोबाइलवर टाइप करायला सांगितलं आणि बाकीची हिस्ट्री आण्णांकडून काढून घेतली. काढून घेतली म्हणजे काय, ते आपणहून ओततच होते.

रेश्माला जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात नोकरी ठरली होती. लेखी परीक्षा झाली होती, राहिली होती फक्त जर्मन भाषेची तोंडी. ती पास झाली तर बॅचबरोबर विमानात बसणार. नाही तर तिची जागा दुसऱ्या कुणाला जाणार आणि हिने पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहायचं. तिचं व्याकरण पक्कं होतं, शब्द पाठ होते. अडलं होतं दोन-तीन आवाजांवर.

हे आवाज काय प्रकरण आहे ते इथे सांगते, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. आपला र जिभेच्या टोकाने होतो. टोक वरच्या हिरडीशी फडफडतं. जर्मनीत बऱ्याच लोकांचा र तोंडाच्या पार मागे होतो, पडजीभ लोंबते तिथे. जिभेचा मागचा भाग पडजिभेजवळ जातो, पण चिकटत नाही. मधे बारीक फट राहते आणि तिथून हवा घासत जाते. अशा आवाजांना आम्ही घर्षक म्हणतो. दार किलकिलं राहिलं की फटीतून वारा सूं करतो ना, तेच. आपले स, श, ह घर्षकच आहेत, प्रत्येकाची फट वेगळ्या जागी. उर्दूतला ख़त जाणकार माणूस म्हणतो तेव्हा फट मागे सरकते. फ्रेंच लोकांचा ‘र’सुद्धा मागचाच. अरबीत तर पडजिभेच्या खाली, थेट घशात फट करून काढायचे आवाज आहेत. यंत्र सगळ्यांचं एकच, फक्त कुणी ते कुठे चिमटतं एवढाच फरक.

रेश्माने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. गुळणी करतो तसं करा म्हणजे जर्मन र येईल, असं त्यात सांगितलं होतं. तिला ते जमेना. तेव्हा आण्णांनी प्रकरण हातात घेतलं.

“मी म्हटलं, जमत न्हाय म्हंजे मेहनत कमी पडतीया,” आण्णा सांगत होते. “रोज पाटंचं उठवायचो. तालमीमागं उभी करायचो. पोरं आत जोर मारायची, ही भाईर खाकरायची.”

जोर म्हणजे दंड. तालमीत दंड काढत नाहीत, जोर मारतात.

“किती वेळा खाकरायची?”

“पोरांचं जोर संपंस्तवर. मोजायलाबी पोरंच होती की.”

म्हणजे महिनाभर रोज पहाटे ही मुलगी बेडका काढावा तशी जिवाच्या आकांताने खाकरत होती आणि आतून डझनभर पैलवान आकडे पुकारत होते. तिचा आवाज घोगरा झाला, तेव्हा आण्णांना वाटलं घसा तयार होतोय. अंग दुखायला लागलं की मेहनत लागू पडली, असा तालमीतला हिशेब. तोच त्यांनी घशाला लावला. मग एके दिवशी आवाजच गेला.

गोम अशी आहे की खाकरताना सगळा मार पडतो तो पडजिभेच्या खूप खाली. तिथे स्वरयंत्रात दोन मऊ पट्ट्या असतात, स्वरतंतू. खाकरलं की त्या एकमेकींवर आपटतात. रेश्माला शिकायचा होता वरच्या मजल्यावरचा आवाज आणि ती महिनाभर तळमजल्याच्या भिंती फोडत होती.

मला राग आला. चांगला सणसणीत आला. मी आण्णांना सुनावणारच होते, तेवढ्यात रेश्माने मोबाइल पुढे केला. तिने लिहिलं होतं, ‘आण्णांना काही बोलू नका. थंडीत तेही रोज माझ्याबरोबर उभे असायचे.’ खाली आणखी एक ओळ होती. ‘माझा आवाज परत येईल ना?’

तपासल्याशिवाय मी हो म्हणत नाही. तेव्हाही म्हटलं नाही, आणि ते मला फार जड गेलं.

मागच्या गल्लीत एक ईएनटी सर आहेत, माझे बरेच पेशंट त्यांच्याकडूनच येतात. त्याच दिवशी तिला तिकडे नेलं. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि स्क्रीनवर रेश्माचे स्वरतंतू दिसले. एरवी ते पांढरेशुभ्र असतात. हे लालबुंद होते आणि कडा सुजलेल्या. सर बराच वेळ बघत राहिले. आण्णांनी माझ्या खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती की खुर्ची हलत होती.

“गाठ नाही,” सर म्हणाले. “असंच चालू ठेवलं असतं तर झाली असती. आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही. खाकरायचं नाही. कुजबुजायचंही नाही. मग बघू.”

“आठवडाभर गप?” आण्णा म्हणाले. “आमच्या घरात? आमच्यात म्हस सुदिक गप बसत न्हाय.”

क्लिनिकवर परत आल्यावर मी रेश्माच्या जर्मनच्या सरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मला एकच गोष्ट विचारायची होती. तोंडी परीक्षेत र मागून आला नाही तर मार्क कापतात का?

“छे हो,” सर म्हणाले. “समोरच्याला नीट समजलं की झालं. दक्षिण जर्मनीत कितीतरी लोक जिभेच्या टोकानेच र म्हणतात.”

आण्णा वर पंख्याकडे बघत होते.

“म्हंजे आपला र चालतोय?”

“चालतो,” मी म्हटलं.

“आन् मी महिनाभर पोरगीला...” रेश्मा मात्र हसत होती. आवाज न करता, खांदे गदागदा हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या सगळ्या दिवसात मला पहिल्यांदा जरा हायसं वाटलं.

दोन आवाज मात्र लागतील, असं जर्मनच्या सरांनी सांगितलं. एक ख़तातला ख़ आणि दुसरा ‘श’सारखा वाटणारा पण श नसलेला. आता या दोन्हींची सोय अशी की ते म्हणताना स्वरतंतू वाजतच नाहीत. बाजूला होतात आणि हवेला वाट देतात. म्हणजे मुकं राहूनही ते शिकता येतात, फक्त हळुवार करायला हवेत. ईएनटी सरांना विचारलं. ते म्हणाले, आधी चार दिवस पूर्ण आराम, मग थोडं थोडं.

चार दिवसांनी दोघं आली. मी टॉर्च आणि आरसा काढला. रेश्माला तिची पडजीभ दाखवली. लगेच आण्णांनीही आरसा मागून घेतला आणि आ वासला.

“ह्यो लोंबतोय त्यो गोळा?”

“तोच. आण्णा, परत म्हणा. फक्त पहिला शब्द.”

“ह्यो?”

“पुन्हा.”

“ह्यो, ह्यो. काय चुकलं काय?”

काहीच चुकलं नव्हतं. ह्यो म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलतो आणि हवा तिथे घासते. ‘मी’ या अर्थाचा जो जर्मन शब्द आहे, त्याच्या शेवटी जवळजवळ हाच आवाज येतो. क्लासात सगळे तिथे श म्हणत होते आणि रेश्माही तेच करत होती. मी तिला सांगितलं, बापाचा ह्यो घे, त्यातला सुरुवातीचा तुकडा ठेव, बाकीचा सोडून दे. तिने ओठ जरा फाकवले आणि आवाज न करता नुसता श्वास सोडला. पहिल्या फटक्यात बरोबर! आण्णा असे बसले, जणू जर्मन भाषा त्यांच्याच घरातून गेली होती.

ख़ मात्र अडला. मी तिला माझा चष्मा दिला. काच पुसण्याआधी तिच्यावर तोंडाने वाफ सोडतो, तशी सोड म्हटलं. ती वाफ सोडत असतानाच जीभ ‘क’ म्हणताना नेतो तशी मागे उचलायची, पण टेकवायची नाही. एवढंच. ऐकायला सोपं, पण रेश्माने श्वास घेतला की खांदे कानाला लागायचे आणि मानेच्या शिरा फुगायच्या. महिनाभराची सवय होती ती. वर पाठीमागून आण्णा, “लाव, लाव जोर!”

“आण्णा, बाहेर बसा,” मी म्हटलं. आवाज चढलाच माझा. ते उठलेसुद्धा, निमूट. दारापर्यंत गेलेल्या त्या रुंद पाठीकडे बघून मला काय वाटलं कोण जाणे, मी त्यांना थांबवलं.

“एक सांगा. नवं पोरगं आखाड्यात उतरलं आणि अंग ताठ धरून उभं राहिलं, तर काय होतं?”

“पडतंय की. ताठ माणूस उचलायला सोपा.”

“मग तुम्ही काय शिकवता त्याला?”

“पयलं अंग सोडायला शिकवायचं. अंग सोडल्याबिगर डाव लागत न्हाय.”

“मग घसा सोडायला का नाही शिकवलंत?”

आण्णा हळूच परत आले, रेश्माच्या खांद्यावर हात ठेवला आणि खालच्या पट्टीत म्हणाले, “रेश्मे, सोड. अंग सोड, पोरी. हितं कुस्ती न्हाय.”

खांदे खाली आले. काचेवर धुकं धरलं. जीभ मागे उचलली गेली आणि ख़ आला. अंगणात खराटा फिरावा तसा, कोरडा आणि हलका. तिने परत केला. परत आला. मानेवर एक शीर उठली नाही.

आठवडा संपल्यावर पुन्हा दुर्बीण. स्वरतंतूंवरचा लाल रंग ओसरला होता, कडा सरळ झाल्या होत्या. “बोल काहीतरी,” ईएनटी सर म्हणाले. रेश्मा घाबरली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

“आण्णा,” ती म्हणाली.

किंचित घोगरा, पण आवाज होता. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. अशा दणदणीत घरातल्या मुलीचा आवाज इतका मऊ असेल असं मला वाटलं नव्हतं. आण्णा खिडकीशी जाऊन खालचं पार्किंग बघत उभे राहिले. माझेही डोळे भरून आले. तीस वर्षं हे काम करतेय, तरी येतात. येऊ देते.

उरलेल्या दिवसांत थोडं बोलणं, भरपूर पाणी आणि पहाटेची पूर्ण झोप, एवढाच कार्यक्रम होता. परीक्षा पुण्यात झाली. निकालाच्या दिवशी आण्णांच्या नंबरवरून फोन आला. उचलला तर पलीकडे नुसता श्वास. मग रेश्माचा आवाज आला, स्वच्छ.

“मॅडम, पास झाले. आण्णांना बोलता येईना, म्हणून मीच घेतला फोन.”

मी खुर्चीत बसले ते पुढचा पेशंट येऊन खोकेपर्यंत उठले नाही.

आता ती तिकडे आहे. मधे तिचा मेसेज आला. वॉर्डातल्या एका आजोबांनी तिला विचारलं म्हणे, तुझा र ऐकून तू दक्षिणेकडची वाटतेस, हो ना? तिने हो म्हणून सांगितलं. खोटं काय त्यात, आपण दक्षिणेकडचेच की.

त्यानंतर एकदा आण्णा एकटेच आले. “मॅडम, आता माझं बगा. आवाज कैक वर्षं आसाच हाय. मला वाटायचं वस्तादाचा आवाज आसाच आसतोय.” दुर्बिणीत दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक घट्टे दिसले, ओरडून ओरडून पडलेले. काळजीचं कारण नाही, पण तालमीत ओरडणं बंद. त्यांनी ऐकलं. आता त्यांच्या गळ्यात शिट्टी असते आणि पोरं तिच्या तालावर जोर मारतात.

लोकांना वाटतं माझं काम बोलायला शिकवण्याचं आहे. तेही करते. पण माझा बराचसा दिवस, जिथे जोर लावायचा नाही तिथून तो काढून घेण्यात जातो.