सलाईनचा प्रसाद

देवाकडे काही मागणे मला कधी जमले नाही. त्या दिवसांत तर कोणाकडेच काही मागण्याइतके त्राण उरले नव्हते. आईच्या स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी सुरू होती. वारज्यातले घर, रुग्णालय, माझी प्रयोगशाळा, पुन्हा घर, अशा फेऱ्यांत मी केवळ पाय उचलत होते. औषधांचे यकृतावर होणारे परिणाम तपासणे हेच माझे काम, आणि नेमके आईचेच यकृत बिघडू लागले होते.

डॉक्टरांना कारण लवकरच सापडले. एका नातेवाइकाने दिलेला गुळवेलीचा काढा ती रोज घेत होती. तो थांबवावा म्हणून मी तिला अहवाल समजावले, आलेख दाखवले. परंतु आई काढा आधी देवापुढे ठेवी, त्याला नैवेद्य दाखवी, मगच पिई. "देवापुढे ठेवला की प्रसाद झाला. प्रसाद कुणी नाकारतं का?" असे म्हणून ती पेला रिकामा करी.

यकृतामुळे एकदा केमो पुढे ढकलावी लागली. पुढच्या खेपेस अहवाल जेमतेम बरा आला. डॉक्टर केमो द्यायला तयार झाले, पण रोजचा पेलाभर काढा बंद करण्याच्या अटीवर. केमोच्या कक्षात आईच्या खुर्चीपाशी उभे राहून त्यांनी हे सांगितले. "मग केमो राहू द्या," असे म्हणून आईने पिशवी उचलली. तिला अडवायलाही मला उठवेना.

शेजारच्या खुर्चीत डोक्याला रुमाल बांधलेल्या एक बाई सलाईन लावून बसल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते.

"अहो ताई, निघालात कुठे? या खुर्चीसाठी लोक सकाळपासून ताटकळतात."

"माझं आयुर्वेदिक चालू आहे," आई ताठपणे म्हणाली.

"मी स्वतः वैद्य आहे. बिबवेवाडीत दवाखाना आहे माझा."

"मग तुम्ही इथे कशा?"

"तिथे गर्दी फार. माझाच नंबर लागेना."

आई नकळत हसली. किती दिवसांनी हसली होती!

"माझे काढे मी बंद केलेत," त्या म्हणाल्या. "केमो संपली की भुकेसाठी, झोपेसाठी आमचं शास्त्र आहेच, तेही इथल्या डॉक्टरांना विचारून."

"पण प्रसाद आहे हो तो."

"प्रसाद चिमूटभर घेतात, ताई. तुम्ही पेलाभर रिचवताय. आणि या सलाईनला कधी नैवेद्य दाखवलात? का हिच्यात देव नाही?"

आईने वर टांगलेल्या बाटलीकडे पाहिले, पिशवी ठेवली आणि खाली बसली. "काढा बंद," एवढेच मला म्हणाली. सिस्टर सुई घेऊन आल्या, तेव्हा तिने त्यांना थांबवून डोळे मिटले आणि पाणी फिरवावे तसा उजवा हात सलाईनभोवती फिरवला.

कोणी कुठल्या खुर्चीत बसावे हे सिस्टरच ठरवतात, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या बाई त्याच दिवशी, आमच्याच शेजारी कशा, याचा हिशोब मी मांडू पाहिला आणि अर्ध्यावर सोडून दिला. आईचे उपचार अजून चालू आहेत. पुढचे मला माहीत नाही. मात्र सगळे माझ्याच युक्तिवादावर तोललेले नाही, हे त्या दिवशी प्रथमच उमगले. ज्याने कोणी हे ओझे क्षणभर हातात घेतले, त्याची मी ऋणी आहे.

त्या दिवशी सलाईनचे थेंब पडू लागले आणि मी बसल्या जागी गाढ झोपले. जाग आली, तेव्हा आईची शाल माझ्या अंगावर होती. मोकळ्या हाताने तिने ती कशीबशी पांघरवली होती.