मळवलीच्या महोत्सवातलं ते थोर मौन

मळवलीला होणाऱ्या प्रायोगिक संगीत-चित्र महोत्सवाचा इतिहास लिहिला जातोय आणि त्यात तिथल्या एका प्रयोगावरचा माझ्या जुन्या ब्लॉगमधला परिच्छेद घेणार आहेत, असा निरोप आला. मी घरभर मिरवले. सोबत त्या प्रयोगातल्या पंख्याचा फोटो हवा होता, म्हणून शनिवारी पुण्याहून स्कूटर काढली.

दुचाकीला एक्सप्रेसवे बंद, तेव्हा जुना हायवेच धरा. तळेगावच्या चौकातली वाहतूक कोंडी पार होईपर्यंत तोंडात शिवी येऊ देऊ नका. मला जमलं नाही. कामशेतला मिसळ खाल्ली. रस्सा झणझणीत, पाव मात्र कालचे असावेत.

तो प्रयोग असा होता: शेतात पांढरा पडदा, त्यावर भात उफणायच्या पंख्याची सावली, भोवती सहा माईक. कलाकार वीस मिनिटं हँडल फिरवत होता आणि आवाज जवळपास शून्य. पहिल्या रांगेत बसून मी चक्क रडले. घरी येऊन लिहिलं, 'आज मी मावळच्या मातीचं मौन ऐकलं.' तेव्हापासून दरवर्षी महोत्सवाची सुरुवात वीस मिनिटांच्या शांततेनं होते.

पंखा आला होता कामशेतच्या एका भातगिरणीतून. गिरणीवाले बबनआबा फोटोला लगेच तयार झाले, पण महोत्सवाचं नाव काढताच त्यांचा चेहरा पडला.

"मी परत न्हाई गेलो तितं. लय मोठी चूक झाली माज्याकडनं."

"कसली चूक, आबा?"

"पंखा लय कुरकुरायचा. म्हनलं, पावन्यांम्होरं आसलं यंत्र कसं ठिवायचं? कार्यक्रमाच्या आदी गुपचूप तेल घातलं. मागनं कळलं, त्यास्नी ती कुरकुरच पायजे व्हती! त्यो बिचारा फिरवून फिरवून घामाघूम. लोकं डोळं मिटून बसल्याली, लय वैतागल्याली."

फोटो काढून गुपचूप सटकता आलं असतं. खरं सांगते, मोह झाला. पण हा माणूस इतकी वर्षं शरमेनं तिकडे फिरकला नव्हता.

"वैतागले नव्हते, आबा. मी तर रडले होते."

"तेल घातलं म्हनून?"

"हो."

आबा हसत हसत पोत्यावरच बसले. मलाही हसू आवरेना, आणि लाजही वाटली.

घरी येऊन संपादकांना सगळं कळवलं. माझा परिच्छेद गेला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या जागी बबनआबांचं नाव आलं, कलाकाराच्या शेजारी. यंदाच्या उद्घाटनाचं आमंत्रण द्यायला मीच फोन केला.

"येतो की," आबा म्हणाले. "पन यंदा तेल घालायचं का न्हाई, ते आदी इचारून ठिवा."