केशरचा डबा

फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये गाडीचे बर्फासाठीचे विंटर टायर काढून घ्यायला बसले होते. मे महिना लागला होता आणि दरवर्षीप्रमाणे मला उशीर झाला होता. हॉस्पिटलच्या नर्सने आधी माझं नाव विचारलं, मग मी एकटीच आहे का ते विचारलं, आणि मग शैलजावहिनी सकाळी गेल्याचं सांगितलं. मी थँक यू म्हटलं. मेकॅनिक म्हणाला, अजून दोन टायर राहिलेत. मी तिथेच बसून राहिले, कारण दोन चाकांवर जाणार कुठे... रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट होती, की तिला ठेवला म्हणून सांगितलेला डबा मी ठेवलाच नव्हता.

डब्याचं सांगायचं तर आधी सापांचं सांगायला हवं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. दादा इथल्याच कनाटा उपनगरात टेलिकॉम इंजिनिअर, ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. बारा-तेरा वर्षांपूर्वी लॅबमधली एक मैत्रीण दुसऱ्या गावी गेली आणि तिचा पाळीव साप महिनाभराच्या बोलीवर वहिनीच्या बेसमेंटमध्ये आला. कॉर्न स्नेक जातीचा, बिनविषारी, नारिंगी रंगाचा, अडीच हात लांब. महिना संपला, मैत्रीण फिरकली नाही, आणि पुढच्या वर्षी वहिनीने त्याला जोडीदारीण आणली. दादा विरोध करेल असं मला वाटलं होतं. त्याने उलट थर्माकोलच्या पेटीला वायरी जोडून अंडी उबवायचं यंत्र करून दिलं. नवऱ्याच्या हाताला काम दिलं की तो तक्रार करत नाही, असं वहिनी म्हणायची. तक्रारीचं खातं माझ्याकडे होतं.

मला सापांची भीती वाटत नाही, किळस वाटते. या दोन्हींत फरक आहे, पण वहिनीला तो मान्य नव्हता. चार लिटर आइस्क्रीमचे रिकामे डबे इथे प्रत्येक मराठी घरात असतात. आम्ही त्यांत पुरण गोठवतो, इडलीचं पीठ आंबवतो. वहिनी तसलाच डबा घेऊन झाकणाला मुठीएवढं भोक पाडायची आणि आत ओलं शेवाळ भरून मादीला अंडी घालायला द्यायची. ते बघितल्यापासून मी तिच्याकडची इडली खाल्ली नाही. इथल्या मराठी मंडळातल्या दोघीजणी एका नागपंचमीला दूध घेऊन तिच्या दारात आल्या होत्या. वहिनीने त्यांना आत घेतलं, साप दूध पीत नाही हे शांतपणे समजावलं आणि त्याच दुधाचा चहा करून त्यांना पाजला. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत.

दादा गेल्यावर मला वाटलं, आता हे थांबेल. थांबलं नाही, वाढलं. थंडीत अडीच महिने ती जोडी बेसमेंटच्या गार कोपऱ्यात नुसती पडून असायची, खाणंपिणं बंद. मार्चमध्ये ऊब, मग खायला उंदीर, मग दोघांची गाठ. त्यानंतर मादीचं पोट दिसायला लागलं की वहिनीचा आवाज बदलायचा. दिवे मंद, टीव्ही बंद, कुणी जिन्यावरून धाडधाड उतरायचं नाही. आमच्या आईने माझ्या बाळंतपणाची खोली जशी लावली होती, तशीच ती सापांची काचेची टाकी लावायची. "डोहाळजेवण कधी करतेस?" मी विचारलं होतं. "करते की," ती म्हणाली, "फक्त डबा तू घेऊन ये." मादीचं नाव केशर होतं.

या वर्षी केशर अंड्यांनी भरली आणि वहिनीला धाप लागायला लागली. एप्रिल संपता संपता तिला ॲडमिट केलं. हृदयाचं होतं, डॉक्टर बोलताना आमच्याकडे न बघता फाइलकडे बघायचे, त्यावरून मी काय ते समजले. तिची मुलगी केतकी व्हँकुव्हरला असते, तिला यायला चार दिवस लागणार होते. घराची किल्ली माझ्याकडे होती. वहिनी नळ्या लावलेल्या अवस्थेत मला म्हणाली, "मंदा, केशरने कात टाकली का बघ. कात टाकली की दहाएक दिवसांत अंडी. डबा नसला तर ती पाण्याच्या भांड्यात घालते नाहीतर पोटातच धरून ठेवते. मग तीही जाते."

मी गेले. बेसमेंटचं दार उघडलं. टाकीत एका बाजूला कात पडलेली होती, अखंड, कांद्याच्या सालीसारखी पातळ. केशर काचेला चिकटून कोपरे हुंगत होती. मी दार लावून घेतलं आणि वर येऊन झाडांना पाणी घातलं.

"ठेवला डबा?" वहिनीने विचारलं.

"ठेवला."

"शेवाळ पिळून घेतलंस ना? थेंब पडता कामा नये."

"पिळलं घट्ट."

"झाकणाचं भोक?"

"वहिनी, मला काय कळत नाही का?"

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू करशील असं वाटलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी परत तोच धोशा. "जमलं तर आज बघून ये, डबा नीट बसलाय का." मी चिडले होते. आजारी माणसाचं मन राखायला एक खोटं बोलले, तर ते निस्तरायला रोज हजेरी लावायची की काय? तरीही गेले. दारात उभी राहिले आणि परत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

गॅरेजमधून मी थेट तिच्या घरी गेले. खरं तर तिची एखादी साडी काढायची होती. पण आधी खाली गेले, कपाटातला रिकामा डबा घेतला, तिच्याच कात्रीने झाकणाला भोक पाडलं, शेवाळ भिजवून पिळलं. पाण्याच्या भांड्यात अंडी नव्हती, हुश्श झालं. टाकीचं झाकण सरकवून डबा आत ठेवताना केशर माझ्या मनगटावरून गेली. थंड नव्हती, गिळगिळीत नव्हती. कोरडी होती. हे वहिनी बारा वर्षं सांगत होती.

चार दिवसांनी, घरात माणसं असताना, केशरने डब्यात तेरा अंडी घातली. केतकीने ती जशी पडली होती तशीच उचलली. सापाचं अंडं उलटं झालं की आतलं पिल्लू मरतं, म्हणून प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण केली आणि दादाच्या पेटीत ठेवली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, "आत्याने बॉक्स सेट अप केला. शी डिड इट फॉर आई." लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी चहा गाळत राहायचे. केतकी परत गेली आणि पेटीचं तापमान बघायचं काम माझ्याकडे आलं. रोज खाली जायचे तेव्हा ते कौतुक मला टोचायचं. मरत्या माणसाला फसवलं, आणि तेही एका आइस्क्रीमच्या डब्यावरून.

जून संपत आला तेव्हा एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मी केतकीला सांगून टाकलं. डबा मी तुझी आई गेल्यावर ठेवला, तिच्याशी खोटं बोलले, एकदा नाही, तपशीलवार.

केतकी म्हणाली, "आय नो, आत्या. आईला पण माहीत होतं. टाकीसमोरच्या शेल्फवर ते व्हाइट, राउंड आहे ना? दॅट्स अ कॅमेरा. शी वॉज वॉचिंग ऑन हर फोन."

मी त्याला हवेचा वास घालवायचं काहीतरी समजत होते.

केतकीने आईचा शेवटून दुसरा मेसेज वाचून दाखवला. तिचं मराठी वाचन अडखळत चालतं, त्यामुळे एकेक शब्द सुटा ऐकू आला. "मंदा दारापर्यंत आली आणि गेली. डबा ठेवला म्हणते. केशरला अजून आठवडा आहे. तोवर ठेवेल. तू तिला काही बोलू नकोस."

आधी लाज वाटली, मग रागच आला. एवढं बघत होती तर तोंडावर बोलायचं होतं. पण तोंडावर बोलली असती तर मी परत त्या घरात पाऊल टाकलं नसतं, हे तिला पंचेचाळीस वर्षांत नीट कळलेलं होतं. वाईट एवढंच वाटतं, की मी डबा ठेवला तेव्हा फोन बघायला ती नव्हती.

तेरातली दोन अंडी खचून पिवळी पडली, अकरा चांगली आहेत. सकाळी मी खाली जाते, पेटीचं तापमान बघते आणि शेल्फकडे तोंड करून मोठ्याने सांगते. केतकी म्हणते, आता कॅमेऱ्याचा प्लग काढून टाक, नोबडी इज वॉचिंग. मी तो काढलेला नाही.