गरम पाण्यात सरळ केलेला पंख

विमानांची छोटी मॉडेलं जोडणाऱ्या आमच्या गटाचा एक नियम आहे. नवीन किट आलं की ते आधी कुणातरी एकाच्या घरी आठवडाभर जातं. त्याने सगळे भाग नुसत्या टेपने जोडून बघायचे, गोंदाचा थेंबही लावायचा नाही, आणि शेवटी ग्रुपवर सांगायचं: घ्या, किंवा घेऊ नका. गटात बहुतेक निवृत्त इंजिनियर आहेत. तिशीच्या आतली मी एकटीच, आणि सहा महिन्यांतलं माझं सगळ्यात लांब वाक्य होतं, "माझ्या चहात साखर नको."

या वेळी खोका माझ्याकडे आला. एकावर एक दोन पंख असलेलं जुनं प्रवासी विमान. येलहंक्याचे काका, ज्यांच्या घरी आम्ही जमतो, ते या किटची कित्येक वर्षं वाट बघत होते. "हात जास्त थरथरायच्या आत एवढं एक करायचंय," ते म्हणाले होते.

बनशंकरीला आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी भाग मांडले. "आठच्या आत विमानतळ हलव," आई म्हणाली. किट सुरेख होतं. प्रवाशांच्या वेताच्या खुर्च्यांची वीणसुद्धा दिसत होती. फक्त खालच्या पंखाची दोन्ही टोकं वर वळली होती. असे प्लास्टिकचे भाग वाकतात कधीकधी. गरम पाण्यात बुडवून सरळ करता येतात. मी केला. ओट्यावर दाबून अगदी पट्टीसारखा सपाट. मग वरचा पंख लावून बघितला, तर दोन पंखांमधले बाहेरचे खांब तीन मिलिमीटर कमी पडले. तीनदा मोजलं. ग्रुपवर लिहिलं, "बाहेरचे खांब आखूड आहेत. साचाच चुकलाय. घेऊ नका."

काकांचं उत्तर आलं, "सरी." कन्नडमधलं 'ठीक आहे', एवढंच. एरवी ते एका मेसेजवर विमानांचे चार फोटो पाठवतात.

शनिवारी सगळं परत खोक्यात भरताना बाजूला छापलेलं चित्र दिसलं. विमान समोरून. वरचा पंख सपाट, खालचा पोटापासून टोकांपर्यंत हळूहळू वर चढणारा. मूळ विमानच तसं होतं. किट बरोबर होतं.

ग्रुपवर लिहायला घेतलं, तीनदा खोडलं. काकांनी माझ्या शब्दावर आशा सोडली होती. त्यांना समोरच सांगायला हवं होतं.

रविवारी येलहंक्याला खोका घेऊन मी उभी राहिले. "मला एक सांगायचंय—"

वरून विमान गेलं. तिथे विमान गेलं की बोलणारा थांबतो आणि सगळे आवाजावरून ओळखतात.

"दोन इंजिनं."

"चार आहेत हो! कान तपासून घ्या."

मग सगळे माझ्याकडे वळले. "हं, बोल."

घोकलेलं सगळं विमानाबरोबर गेलं होतं. "पंख वाकडा नव्हता," मी म्हणाले. "तो तसाच असतो. मी गरम पाण्याने सरळ केला. म्हणून खांब पुरले नाहीत."

"म्हणजे बरोबर होतं ते तू दुरुस्त केलंस?"

"पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही कारखान्यात नोकरी मिळेल हिला!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. "म्हणजे खांब ठीक आहेत?"

"हो, काका."

"नक्की?"

"तीनदा मोजलेत."

"मग चार दिवस मला उपाशी ठेवलंस की गं, अक्का! आण इकडं तो पंख. अगं, स्वल्प गरम पाणी दे," त्यांनी आत काकूंना हाक मारली.

पंख त्यांनीच वळवला. मी विमानाचा सांगाडा धरला होता. त्यांची बोटं थरथरत होती, पण खांब एकेक करून भोकांत बसले. त्यांनी माझा फोन पुढे सरकवला. "लिही आता."

मी लिहिलं, "घ्या. खालचा पंख वर वळलेलाच असतो. कृपया सरळ करू नये."