पायाला टांगलेल्या विटा

“विटा कुणी काढल्या?”

आमच्या हाडांच्या वॉर्डात सकाळ या वाक्यानं व्हायची. मॅडम दारातूनच ओरडायच्या, हातातला चहा खिडकीत ठेवायच्या अन् पलंगाच्या पायथ्याशी वाकायच्या. तुम्ही सरकारी दवाखाना पाहिला असेल तर हेही पाहिलं असेल. मोडलेली मांडी ताणून राहावी म्हणून पायाला दोरी, दोरीला विटा. इथं दोरी रिकामी लोंबायची अन् विटा पलंगाखाली, नीट एकावर एक रचलेल्या.

मॅडम हाडांच्या डॉक्टर व्हायला कोल्हापूरकडून चंद्रपूरला आल्या होत्या. मी भामरागडच्या पलीकडचा, सातवीतून शाळा सुटलेला, कंत्राटावरचा वॉर्डबॉय, सगळ्यांचा मामा. कोणी आवाज चढवला की मला वाटे, गेली नोकरी. पण मला तिकडची माडिया बोली येते म्हणून मॅडम मला शेजारी उभं करत अन् मोठ्या सरांना सांगत, “मामा नसले की मी मुकी, सर.” तेवढ्यानं माझी धडधड दिवसभर कमी राहायची.

“हाडं ओढायला दंड लागतात, मॅडम,” सोबतचे डॉक्टर चिडवायचे. ऑपरेशनमध्ये मॅडमच्या वाट्याला एकच काम यायचं, पाय धरून उभं राहणं.

“सर, पुढचं ऑपरेशन मी करू?”

“बघू.”

मग बाहेर येऊन मला म्हणायच्या, “खांब झालाय माझा, मामा!”

त्या उन्हाळ्यात माझ्याच भागातला एक माणूस आला. पावसाआधी कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना छपरावरून पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. सरांनी शब्द दिला, “याच्या हाडात सळी तुम्ही घाला.” तेव्हापासून सगळं अडायलाच लागलं. एक्स-रेचं मशीन बिघडलं. ते सुधरलं तर भूल देणारे डॉक्टर सुटीवर. ते आले तर सळीच आली नाही. मॅडम रोज फोनवर कोणाशी तरी भांडत, अन् इकडे त्याची बायको गुपचूप विटा काढून ठेवी.

“दुखत्या पायाले विटा काऊन बांधता?” ती मला माडियात म्हणाली. “बैलालेबी कोणी असं करत नाई.”

मी मॅडमना ते सांगितलं. त्या चिडल्या. तिचे दोन्ही हात नवऱ्याच्या घोट्याला लावले. “ओढ. सोडायचं नाही.” ती ओढत राहिली अन् नवऱ्याचं कण्हणं थांबलं. हात भरून आले तशी तिनं स्वतःच पायानं वीट जवळ सरकवली.

विटांचं भांडण मिटलं, पण नवऱ्याची भीती काही जाईना. “गावात म्हणतात, लोखंड घातलं की उकिडवं बसता येत नाई. मले घरी नेऊन सोडा.” आमच्याकडे जेवणं, बैठक, शेतातली कामं सगळी उकिडवी. त्यात पाऊस लागला की भामरागडचा रस्ता बंद.

“बसशील,” मॅडम म्हणत. “पण त्याआधी इथं थांब की, बाबा!”

तो थांबला. एकदाचा ऑपरेशनचा दिवस आला. कमरेत इंजेक्शन दिलं, पाय बधिर झाले अन् तो किंचाळला, “पाय कापला माझा!” टेबलावरून उठू पाहायला लागला. माझं बोलणं त्याच्या कानात शिरेना. मॅडम हात धुऊन, हातमोजे चढवून तयार उभ्या होत्या. त्यांनी मोजे काढून फेकले, उशाशी गेल्या, त्याचा हात धरून त्याच्याच मांडीवर ठेवला. “सांगा मामा, पाय जागेवर आहे.” तो शांत झाला, पण त्यांचा हात काही सोडेना. सर थोडं थांबले, मग त्यांनीच चाकू उचलला. “पुढचं तुमचं,” ते म्हणाले.

ऑपरेशन झाल्यावर मॅडमनी प्लास्टरच्या खोलीतली बादली अशी लाथाडली की पांढरं पाणी भिंतीवर उडालं. “इतके दिवस पाय धरले, आज हात धरला! सर्जन कधी व्हायचं ओ मी?” मी फडकं घेऊन पुसायला बसलो. थोड्या वेळानं त्यांनीही दुसरं फडकं घेतलं. नाक ओढत पुसत होत्या.

पावसाळा सरल्यावर तो बायकोला घेऊन तपासायला आला, काठी न घेता. तोवर मॅडमचं शिक्षण संपलं होतं, त्या गेल्या होत्या. त्यानं खोलीत इकडेतिकडे पाहिलं अन् भर मधोमध उकिडवा बसला.

“मामा, याला उठवा. स्टूल आहे ना!” नवे डॉक्टर म्हणाले.

“बसू द्या साहेब. दाखवून राह्यला तो.”

“कोणाला?”

मी वाकून त्याला माडियात सांगितलं, मॅडम गेल्या. त्यानं ऐकलं. पण उठला नाही, दाराकडे पाहत तसाच बसून राहिला.